जुना वायरलेस सेट नेमका कुठल्या फ्रिक्वेन्सीचा? घेण्याआधी आणि घेतल्यावर ओळखायची रीत

गाडीत बसवायचा जुना वायरलेस सेट विकणाऱ्याला "बँड कुठला?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "व्हीएचएफ आहे साहेब, एकदम चालू." तो खोटं बोलत नसतो. सेट व्हीएचएफच असतो आणि बहुधा चालूही असतो. तरीही घरी आणून १४५ मेगाहर्ट्झ भरायला जावं तर सॉफ्टवेअर नाही म्हणतं. व्हीएचएफ की त्याहून वरचा यूएचएफ, एवढ्या माहितीवर सेट घेता येत नाही. त्या बँडमधला कुठला तुकडा, म्हणजे आपण ज्याला स्प्लिट म्हणतो तो, हे कळलं पाहिजे. भारतातल्या हॅमला, म्हणजे परवाना घेऊन हौसेने वायरलेसवर बोलणाऱ्याला, तर हे जास्तच जपावं लागतं.

कारण साधं आहे. व्यावसायिक सेट बनवणाऱ्या कंपन्या एकाच मॉडेलचे दोन-तीन स्प्लिट काढतात. व्हीएचएफमध्ये १३६ ते १६२ आणि १४६ ते १७४ मेगाहर्ट्झ, यूएचएफमध्ये ४०३ ते ४४०, ४३८ ते ४७०, ४५० ते ५१२ अशा जोड्या वारंवार दिसतात. नव्या सेटमध्ये १३६ ते १७४ हा अख्खा पट्टा एकाच सेटमध्ये असतो, तिथे प्रश्न मिटतो. जुन्यात तसं नाही. आपल्याकडे तरंगाच्या लांबीवरून दोन मीटरचा म्हणतात तो हॅम बँड १४४ ते १४६ आणि सत्तर सेंटिमीटरचा ४३४ ते ४३८ आहे. आता वरचे आकडे पुन्हा वाचा. १४६ ते १७४ चा सेट आपला बँड जिथे संपतो तिथून सुरू होतो, आणि ४३८ ते ४७० चं तेच. अमेरिकेत दोन मीटर १४८ पर्यंत आणि सत्तर सेंटिमीटर ४२० ते ४५० असल्यामुळे तिकडच्या हॅमना हेच सेट बऱ्यापैकी चालतात. ते व्हिडिओत "उत्तम सेट, डोळे झाकून घ्या" म्हणतात, आपण घेतो आणि अडकतो. बंगळूरला किंवा पुण्याला बसून न्यू जर्सीतल्या माणसाचा सल्ला ऐकताना हा दोन-चार मेगाहर्ट्झचा फरक डोक्यात ठेवायचा.

पुढची सगळी रीत व्यावसायिक मोबाइल सेटसाठी आहे. इथे मोबाइल म्हणजे गाडीत बसवायचा, १२ व्होल्टवर चालणारा, २५ ते ५० वॉटचा सेट. वॉकीटॉकीलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी परवान्याची गोष्ट

आपल्याकडे वायरलेस सेट वापरायलाच नव्हे, जवळ बाळगायलाही परवाना किंवा सूट लागते. हॅमचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून परीक्षा देऊन मिळतो. परवाना नसेल तर "नुसता ठेवतो, बोलत नाही" हा बचाव होत नाही. परवान्याशिवाय वापरता येणारी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झची सवलत आहे खरी, पण ती अर्ध्या वॉटच्या आतल्या छोट्या संचांसाठी आहे, ४० वॉटच्या मोबाइल सेटसाठी नाही. जुन्या सेटमध्ये आधीच्या मालकाचे चॅनल तसेच असतात. तो मालक सिक्युरिटी एजन्सी असेल, कारखाना असेल, बंदर असेल किंवा याहून नाजूक काही. म्हणून सेट ओळखून होईपर्यंत माइकचं बटण दाबायचं नाही. माइक काढून बाजूलाच ठेवा, म्हणजे मोहही होणार नाही.

लेबल: कुठलं खरं, कुठलं नुसतं चिकटवलेलं

पुढच्या चेहऱ्यावरचं नाव विसरून जा. कंट्रोल हेड, म्हणजे डिस्प्ले आणि बटणांचा पुढचा भाग, चार स्क्रूंवर किंवा दोन खिट्ट्यांवर निघतो. दुरुस्तीवाले तो एका सेटचा काढून दुसऱ्याला सर्रास लावतात. "जीएम ३००" असं पुढे लिहिलंय म्हणून आत काय आहे ते सिद्ध होत नाही. खरं लेबल चॅसीवर असतं: खालच्या बाजूला, कडेला किंवा मागे हीटसिंकजवळ. त्यावर मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर असे दोन वेगळे आकडे असतात. आपल्याला मॉडेल नंबर हवा. विकणारे बऱ्याचदा सिरियल नंबर पाठवतात आणि आपण तो गूगलवर शोधत बसतो.

लेबल झिजलं असेल तर सरळ वरून फोटो काढू नका. मोबाइलचा टॉर्च अगदी कडेने, लेबलला जवळजवळ टेकवून धरला की छापलेल्या अक्षरांचा उठाव दिसतो. बोटाने किंचित खडूची पूड फिरवली तरी काम होतं. थिनर, पेट्रोल वगैरेंनी पुसायला गेलात तर उरलेली अक्षरंही जातील.

मोटोरोला: अक्षर तेच, मालिकेगणिक अर्थ वेगळा

आपल्याकडे जुन्या बाजारात मोटोरोला बराच दिसतो, म्हणून यावर जरा थांबू.

जुन्या पद्धतीचा मॉडेल नंबर "एम ४३ जीएमसी…" असा सुरू होतो. पहिलं अक्षर एम म्हणजे मोबाइल. नंतरचा अंक पॉवरची पायरी सांगतो आणि त्यानंतरचा, म्हणजे तिसऱ्या जागेवरचा अंक बँड: १ असेल तर लो बँड, ३ असेल तर व्हीएचएफ, ४ असेल तर यूएचएफ, ५ असेल तर ८०० मेगाहर्ट्झ. म्हणजे एम ३३ आणि एम ४३ हे दोन्ही व्हीएचएफ, एम ३४ आणि एम ४४ दोन्ही यूएचएफ. इथपर्यंत सोपं. स्प्लिट मात्र "जीएमसी"च्या पुढच्या अंकांत दडलेला असतो आणि तो सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मॉडेल तक्त्याशी ताडूनच पाहावा लागतो. जीएम ३०० व्हीएचएफमध्ये १३६ ते १६२ आणि १४६ ते १७४ असे दोन प्रकार आहेत. आपल्या कामाचा पहिला. यूएचएफमध्ये ४०३ ते ४३३ आणि ४३८ ते ४७० असे स्प्लिट आहेत. गंमत पाहा, आपला ४३४ ते ४३८ चा बँड बरोबर या दोहोंच्या मधल्या फटीत पडतो. जीएम ३०० यूएचएफ कितीही स्वस्त मिळत असला तरी त्यावर भारतात सत्तर सेंटिमीटर करायचं म्हणजे सेटला त्याच्या हद्दीबाहेर ओढायचं. ते कधी जमतं, कधी नाही. त्याबद्दल पुढे.

नंतरच्या मालिकेचा नंबर लांब असतो: "एएएम २५ के…", "एझेडएम २५ आर…", "एमडीएम २५ के…" असा. पहिली दोन अक्षरं सेट कुठल्या बाजारपेठेसाठी बनला ते सांगतात: एए उत्तर अमेरिका, एझेड आशिया, एमडी युरोपकडचा. तिसरं अक्षर एम असेल तर मोबाइल, एच असेल तर हातातला. मग मालिकेचे दोन अंक, आणि सहाव्या जागेवर बँडचं अक्षर. २५ च्या मालिकेत, म्हणजे जीएम ३३८, जीएम ३४०, सीडीएम १२५० या कुटुंबात, के म्हणजे १३६ ते १७४, आर म्हणजे ४०३ ते ४७०, एस म्हणजे ४५० पासून वर. या मालिकेतला के किंवा आर दिसला तर भारतातल्या हॅमने फार विचार करू नये. एस दिसला तर विसरावं.

पण हेच कोष्टक पाठ करून ५० च्या मालिकेकडे गेलात तर फसाल. सीएम २००, सीएम ३४० या स्वस्त आणि मजबूत सेटांचा नंबर "…एम ५० के…", "…एम ५० आर…" असा असतो. तिथे के म्हणजे १४६ ते १७४ आणि आर म्हणजे ४३८ ते ४७०. दोन्ही आपल्या बँडच्या बाहेर. या मालिकेत आपल्याला हवा जे, म्हणजे १३६ ते १६२, किंवा क्यू, म्हणजे ४०३ ते ४४०. सीएम २०० अमेरिकेतून ढिगाने आणि स्वस्तात येतो आणि त्यात के किंवा आरच असतो. तिकडच्या नातेवाइकाकडून सामानात सेट मागवणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. आयातीचे नियम आहेतच, ते निराळे.

डिजिटलवाल्या मोटोट्रबोत पुन्हा अक्षरं बदलतात: जे म्हणजे १३६ ते १७४, क्यू म्हणजे ४०३ ते ४७०, टी म्हणजे ४५० पासून वर. म्हणून सुटं अक्षर कधी वाचायचं नाही, आधी मालिका, मग अक्षर.

केनवूड, आयकॉम आणि बाकीचे

केनवूडचं आधी सोपं वाटतं. टीके ७ ने सुरू होणारे मोबाइल व्हीएचएफ, टीके ८ ने सुरू होणारे यूएचएफ. २ आणि ३ ने सुरू होणारे चार आकडी नंबर हातातल्या संचांचे. स्प्लिट मात्र नंबरात नसून त्यापुढच्या "टाइप"मध्ये असतो. टीके ८१८० घ्या: टाइप के म्हणजे ४५० ते ५२०, टाइप के२ म्हणजे ४०० ते ४७०. बाहेरून दोन्ही जुळे. टाइप लेबलवर मॉडेलनंतर बारीक अक्षरांत असतो आणि विकणारा तो हमखास गाळतो. टीके ७१८० व्हीएचएफ १३६ ते १७४ आहे, तिथे काळजी नाही. पण त्याआधीचा टीके ७८० बहुतेकदा १४६ ते १७४ चा मिळतो आणि टीके ८८० टाइप के ४५० ते ४९० चा.

आयकॉमच्या व्यावसायिक मालिकेत आयसी एफ ५००० च्या घरातले मोबाइल व्हीएचएफ, ६००० च्या घरातले यूएचएफ. ३००० आणि ४००० हातातले. आयसी एफ ५०२१ म्हणजे १३६ ते १७४. आयसी एफ ६०२१ मध्ये ४०० ते ४७० आणि ४५० पासूनचा असे प्रकार आहेत, लेबल वाचल्याशिवाय सुटका नाही.

व्हर्टेक्स स्टँडर्डने हे काम सगळ्यात प्रामाणिकपणे केलं आहे. व्हीएक्स २२०० सारख्या सेटच्या नंबराच्या शेपटीतच सगळं असतं: डी० म्हणजे १३४ ते १७४, जी६ म्हणजे ४०० ते ४७०, जी७ म्हणजे ४५० पासून वर. त्यापुढचे दोन अंक वॉट. हायटेराच्या सेटवर व्ही१ असेल तर १३६ ते १७४, यू१ असेल तर ४०० ते ४७०.

आयकॉमचं आयसी एम असं नाव दिसलं तर तो जहाजावरचा मरीन सेट. तो १५६ ते १६३ च्या ठरलेल्या चॅनलांवरच चालतो. जहाजतोडणीच्या भंगारातून असे सेट बाजारात येतात, दिसायला दणकट, पाण्याला दाद न देणारे, आणि हॅमला शून्य उपयोगाचे. आयसी ए म्हणजे विमानाचा, ११८ ते १३७, तोही एएम. त्याच्या वाटेला जायचंच नाही. मोठ्या संस्थांच्या सामाईक यंत्रणेवर चालणारे ८०० मेगाहर्ट्झचे ट्रंकिंग सेट आणि टेट्रा सेट फुकट मिळाले तरी घरात अडगळ होईल.

अमेरिकन सेटवर एफसीसीचा, म्हणजे तिकडच्या दूरसंचार नियामकाचा, मंजुरी क्रमांक (एफसीसी आयडी) असतो. मोटोरोलाचा एबीझेड किंवा एझेड४ ने सुरू होतो, केनवूडचा एएलएच, आयकॉमचा एएफजे, व्हर्टेक्सचा के६६. मॉडेलचं लेबल गेलं आणि हा आयडी उरला असं बऱ्याचदा होतं. एफसीसीच्या संकेतस्थळावर तो घातला की मंजुरीचा कागद उघडतो आणि त्यात फ्रिक्वेन्सीच्या मर्यादा असतात. फक्त एक लक्षात ठेवा: त्या मर्यादा तिकडच्या नियमांपुरत्या असतात. सेट १३६ पासून चालत असला तरी कागदावर १५० ते १७४ एवढंच असू शकतं. म्हणजे कागदावरून व्हीएचएफ की यूएचएफ हे पक्कं होतं, वरची कडाही बऱ्यापैकी कळते. खालच्या कडेवर, म्हणजे नेमकी आपल्याला हवी तिथे, भरवसा ठेवता येत नाही.

लेबलच नसेल तर झाकण उघडा

विकणारा हरकत घेत नसेल तर ही पायरी दुकानातच करा. एक टॉर्क्स आणि एक फिलिप्स पेचकस खिशात असला की पुरतो. झाकण निघालं की अँटेना सॉकेटच्या जवळचा भाग पाहा. हीटसिंकला दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेली, चार-पाच पायांची लांबट काळी वडी दिसली तर ते पॉवर मॉड्यूल. त्यावर मित्सुबिशीचा नंबर असेल तर वाचता येतो: आरए ३० एच १३१७ एम. आरएनंतरचा आकडा वॉट, आणि एचनंतरचे चार अंक फ्रिक्वेन्सी. १३१७ म्हणजे १३५ ते १७५ मेगाहर्ट्झ. आरए ४५ एच ४०४७ एम असेल तर ४५ वॉट, ४०० ते ४७०. ४४५२ असेल तर ४४० ते ५२०, म्हणजे आपल्यासाठी चुकीचा स्प्लिट. मॉड्यूलवर उष्णतेची पांढरी पेस्ट सांडलेली असते, ती कापसाने हलकी पुसली की अक्षरं वर येतात. ही माझी सगळ्यात आवडती खूण, कारण लेबल बदलता येतं, हेड बदलता येतं, पण वेगळ्या बँडचं मॉड्यूल बसवून सेट चालता ठेवणं कुणी करत बसत नाही.

तरी मॉड्यूल एवढंच सांगतं की शेवटचा टप्पा कुठवर जाईल. १३५ ते १७५ चं मॉड्यूल १४६ ते १७४ च्या सेटमध्येही असू शकतं, कारण स्प्लिट ठरतो तो व्हीसीओमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटमध्ये, आणि रिसीव्हरच्या पुढच्या फिल्टरमध्ये. शिवाय पुष्कळ सेटांत मॉड्यूलऐवजी सुटे ट्रान्झिस्टर असतात. आरडी ७० एचव्हीएफ१ दिसला म्हणून व्हीएचएफ ठरवू नका. तो व्हीएचएफला ७० आणि यूएचएफला ५० वॉट देतो, दोन्हीकडे वापरतात.

मॉड्यूल नसेल तर कॉइल पाहा. अँटेनाजवळच्या लो पास फिल्टरमधल्या तांब्याच्या कॉइलांना व्हीएचएफमध्ये चार-पाच वेढे दिसतात; यूएचएफमध्ये एक-दोन वेढे, किंवा वेढे नाहीतच, बोर्डावरची पट्टीच काम करते. अंदाजापुरतं हे ठीक.

अँटेना सॉकेटवरून काहीही ठरवू नका. केनवूड-आयकॉमला असतं त्या जाड चुडीच्या सॉकेटला यूएचएफ कनेक्टर म्हणतात आणि ते व्हीएचएफ सेटला, इतकंच काय एचएफ सेटलाही असतं. मोटोरोलाच्या मागे मिनी यूएचएफ असतं, त्याचंही तेच. सोबत मिळालेली अँटेना मात्र थोडं बोलते: पाव तरंगाची साधी काडी अर्ध्या मीटरच्या आसपास असेल तर व्हीएचएफ, वीतभरापेक्षा कमी असेल तर यूएचएफ. अर्थात ती अँटेना त्याच सेटची असेल तर.

फार जुने, स्फटिकावर चालणारे सेट मिळाले तर स्फटिकाच्या डबीवर फ्रिक्वेन्सी छापलेली असते. ती थेट बोलण्याची नसते, सेटमध्ये तिचा गुणाकार होतो. १२.१ मेगाहर्ट्झचा स्फटिक बारा पटीने १४५.२ होतो. किती पट ते सर्किटवरून पाहावं लागतं. असे सेट आता संग्रहापुरतेच.

वीज देणे आणि सॉफ्टवेअरने वाचणे

आता सेट घरी आला आहे. आधी मागची वायर पाहा: लाल-काळी बरोबर आहे ना, मध्ये कुणी उलटी जोडली आहे का, फ्यूजच्या जागी तार गुंडाळली आहे का. ट्रकवरून उतरवलेला सेट असेल तर २४ व्होल्टचा कन्व्हर्टर कुठे गेला ते विचारा. करंटवर मर्यादा घालता येणारा पॉवर सप्लाय १३.८ व्होल्टला लावून मर्यादा एक अँपिअरवर ठेवा. नुसतं ऐकताना सेट अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेतो. याहून बरंच जास्त घेत असेल तर बंद करा.

मग प्रोग्रामिंग केबल आणि त्या सेटचं सॉफ्टवेअर. मोटोरोलाचं सीपीएस, केनवूडचं केपीजी मालिकेतलं (टीके ८१८० ला केपीजी ८९डी), आयकॉमचं सीएस. जीएम ३०० सारख्याला डॉसवर चालणारं आरएसएस लागतं आणि त्यासाठी खरा सिरियल पोर्ट असलेला जुना संगणक आणि संगणक व सेट यांच्यामध्ये जोडायची रिब नावाची डबी. आजच्या लॅपटॉपवर आभासी डॉस लावून वेळ घालवू नये. क्रम महत्त्वाचा: पहिल्यांदा फक्त वाचायचं, म्हणजे रीड. वाचलेला कोडप्लग, म्हणजे सेटमधल्या सेटिंगची फाइल, लगेच दोन ठिकाणी जतन करायचा. त्याआधी राइटचं बटण दाबायचं नाही. दुसऱ्या स्प्लिटच्या सेटचा कोडप्लग यात लिहिला की सेट कायमचा रुसण्याची शक्यता असते.

वाचून झालं की सेटच्या माहितीची खिडकी उघडा. मॉडेल नंबर, सिरियल नंबर आणि बहुतेकांत फ्रिक्वेन्सीचा पट्टाही सरळ लिहिलेला दिसतो. इथे सिरियल नंबर चॅसीवरच्या लेबलशी जुळवा. जुळला तर लेबल याच सेटचं. नाही जुळला तर खोका एकाचा, बोर्ड दुसऱ्याचा. अशा वेळी सॉफ्टवेअर सांगेल ते धरा, लेबल नाही. केनवूडमध्ये मॉडेल निवडताना टाइपही निवडावा लागतो आणि चुकीचा निवडला तर सेट वाचलाच जात नाही किंवा तक्रार येते, तीही एक खूणच.

विकणारा दूरगावचा असेल तर त्याच्याकडून या खिडकीचा फोटो मागा. लेबलचा फोटो आणि या खिडकीचा फोटो, दोन्हींत एकच सिरियल नंबर, यापेक्षा चांगला पुरावा नाही. ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांनी वायरलेस संचांच्या जाहिरातीत फ्रिक्वेन्सीचा पट्टा आणि मंजुरीचा तपशील द्यावा असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये काढले आहेत, त्यामुळे हा प्रश्न विचारायला बिचकायचं कारण नाही.

आधीच्या मालकाचे चॅनल दिसतील. ते ऐकत बसू नका, कुणाला पाठवू नका. जतन केलेली फाइल तुमच्या संगणकाबाहेर जाऊ देऊ नका आणि सेट आपलासा झाला की ते चॅनल सेटमधून पुसा.

केबल नसेल तर: न बोलता बँड ओळखणे

ही युक्ती कमी लोकांना माहीत आहे. सेट नुसता ऐकत असतानाही त्याच्या पोटात एक लोकल ऑसिलेटर चालू असतो आणि त्याचा अगदी क्षीण अंश बाहेर झिरपतो. हजार-दोन हजारांत मिळणारा आरटीएल एसडीआर डोंगल, म्हणजे आलेले सिग्नल संगणकाच्या पडद्यावर दाखवणारा छोटा रिसीव्हर, लॅपटॉपला लावा, त्याला वीतभर वायरची अँटेना जोडा आणि ती सेटच्या अँटेना सॉकेटजवळ धरा. सॉकेटात घालू नका, जवळ धरा. सेटचा स्कॅन बंद हवा, नाहीतर ऑसिलेटर उड्या मारत राहील.

हा ऑसिलेटर ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीपासून पहिल्या आयएफ (सेटमधली ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी) इतका दूर असतो. बहुतेक व्यावसायिक सेटांत ती आयएफ ४५ ते ५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान असते, जुन्यांत २१.४ वगैरेही सापडते. समजा सेट १४५.५ वर आहे आणि आयएफ ४५.१, तर बारीक सरळ रेघ १९०.६ किंवा १००.४ वर दिसेल. ४३५ वर असेल तर ४८०.१ किंवा ३८९.९ वर. रेघ आपल्याच सेटची आहे का हे पाहायला सेट बंद-चालू करा. रेघ त्याबरोबर जायला-यायला हवी. मग चॅनलचा नॉब एक घर फिरवा. रेघ जितकी सरकली तितकं त्या दोन चॅनलांतलं अंतर.

यातून सेट आत्ता कुठे ऐकतोय ते कळतं, त्याचा पूर्ण पट्टा नाही. ४६५ वर ऐकणारा सेट ४०३ ते ४७० चा असेल किंवा ४५० पासूनचा. पण १५८ आहे की ४६५ हे दुकानातल्या टेबलावर, बटण न दाबता, पाच मिनिटांत कळणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे.

डमी लोडवर शेवटची पडताळणी

कागदावरचा पट्टा कळला; सेट खरंच तिथे चालतो का हे तपासायचं राहिलं. सॉफ्टवेअरमधून आपल्या हॅम बँडमधल्या दोन-तीन फ्रिक्वेन्सी भरा: १४४.१, १४५.० आणि १४५.९ अशा, किंवा यूएचएफला ४३४.१, ४३६ आणि ४३७.९. पॉवर कमीत कमी ठेवा. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे सिग्नल हवेत न सोडता जिरवणारा रोधक, ५० वॉट झेपणारा आणि त्या बँडला योग्य असा. सीबीसाठीचा (२७ मेगाहर्ट्झचा) स्वस्त लोड किंवा १५० मेगाहर्ट्झपर्यंतचा एसडब्ल्यूआर मीटर (पॉवर आणि अँटेनाचा मेळ मोजणारा) यूएचएफला लावला तर तो वाट्टेल ते आकडे दाखवतो आणि चांगला सेट खराब वाटतो. लोडशिवाय बटण दाबलं तर पॉवर स्टेज जायला एक क्षण पुरतो.

आधी नुसतं ऐकण्यावर पाहा. चॅनलवर गेल्यावर सेट एकसारखा बीप करत राहिला किंवा डिस्प्ले लुकलुकला तर व्हीसीओ लॉक होत नाही, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर स्थिरावत नाही. ऐकताना लॉक झालं म्हणून बोलताना होईलच असं नाही. बऱ्याच सेटांत दोन्हींचे व्हीसीओ वेगळे असतात. आता परवाना तुमच्या नावावर आहे हे गृहीत धरून दोन सेकंद बटण दाबा. डोंगल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला असेल तर सिग्नल नेमका भरलेल्या जागी दिसेल. डोंगल सेटला वायरने जोडायचा नाही, ४५ वॉट त्यात गेले तर धूर निघेल. हॅम बँडच्या बाहेरच्या कडा बोलून तपासायच्या नाहीत, डमी लोडवरसुद्धा नाहीत. त्या नुसत्या ऐकण्याच्या लॉकवर पाहिल्या तरी भागतं.

मग पॉवर पूर्ण करून तिन्ही फ्रिक्वेन्सींवर आकडा घ्या. ४५ वॉटचा व्हीएचएफ सेट तिन्ही ठिकाणी ४० च्या वर असेल तर पट्टा आपल्यासाठी बरोबर. १४५.९ ला ४२ आणि १४४.१ ला २६ असं काही आलं तर सेट कडेवर ओढला जातोय.

हद्दीबाहेर ओढायचं का?

१४६ पासूनचा सेट १४५ ला आणण्याच्या युक्त्या सगळीकडे सांगितल्या जातात: जुन्या आरएसएसमध्ये शिफ्ट धरून आकडा भरणे, फाइलमधले कच्चे आकडे (हेक्स) बदलणे, व्हीसीओचा ट्रिमर फिरवणे. व्हीसीओला कंपनीने दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवलेली असते, म्हणून एक-दोन मेगाहर्ट्झ बऱ्याचदा जमतात. पण थंडीत पहाटे गाडीत बसून सेट लावला की लॉक सुटतो आणि दुपारी परत येतो, असले खेळ तिथूनच सुरू होतात. शिवाय बोलणं जमलं तरी ऐकणं कमी होतं, कारण पुढचा फिल्टर १४६ च्या वरच्यासाठी बसवलेला. चांगला सेट पाव मायक्रोव्होल्टच्या आसपासचा सिग्नल सुवाच्य ऐकतो. ओढलेल्या सेटला त्याच्या कितीतरी पट लागू शकतो. सिंहगडावरचा रिपीटर (सिग्नल पकडून पुन्हा पाठवणारं केंद्र) पुण्यात बसून ऐकायचा असेल तर कळणारही नाही, घाट उतरलं की कळेल.

१४६ चा सेट फुकट मिळाला असेल आणि हात शिवशिवत असतील तर करून पाहा. पैसे देऊन घेऊ नका. यूएचएफमध्ये ४३८ चा सेट ४३४ ते ४३८ ला ओढणं त्यातल्या त्यात शक्य आहे. ४५० पासूनचा सेट ४३५ ला आणणं म्हणजे पंधरा मेगाहर्ट्झची ओढाताण, तिथे कॉइल आणि कपॅसिटर बदलावे लागतात आणि मापनयंत्रं नसतील तर तो नाद सोडलेला बरा.

सेट ओळखून झाला की खालच्या बाजूला स्वतःचं लेबल लावा: खरा पट्टा, कोडप्लगमधला सिरियल नंबर, कुठल्या केबलने आणि सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्तीने वाचला ते, आणि तीन फ्रिक्वेन्सींवरचे वॉट. पक्की शाई वापरा, गाडीतल्या उन्हात जेल पेन महिन्यात उडतं.